आण्णांच्या देखत

सिस्टर स्पिरिटचा बोळा घेऊन आल्या आणि एक अक्षर न बोलता माझ्या मांडीवरची रेघ पुसायला लागल्या.

आदल्या दिवशी प्लास्टिक सर्जन मुल्ला मॅडमनी माझ्या दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला जांभळ्या पेनानं लांबट पानासारख्या रेघा काढल्या होत्या. ऑपरेशन होईपर्यंत जपा, पुसू देऊ नका, असं बजावून गेल्या होत्या. त्या रेघांपायी मी सकाळी कमरेखाली पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आणि ह्या बाई भांडं घासल्यासारख्या घासत होत्या.

"का पुसताय?" मी विचारलं.

"प्लास्टिकचं कॅन्सल झालं. उद्या फक्त कानिटकर सरांचं ऑपरेशन आहे."

"कुणी कॅन्सल केलं?"

"तुमच्याच माणसांनी. सकाळी डॉक्टरांनी बोलावलं होतं ना त्यांना." त्यांनी दुसरी मांडी पुढं करायची खूण केली.

मी चादर ओढून घेतली. "एक पुसलीत तेवढी पुरे. दुसरीला हात लावू नका."

सिस्टरनी माझ्याकडं बघितलं, बोळा ट्रेमध्ये टाकला आणि पुढच्या खाटेकडं गेल्या. दिवसाला अशा किती बायका त्यांना भेटत असतील कोण जाणे.

ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेतलं एक हॉस्पिटल, बायकांचा वॉर्ड, भिंतीकडेची खाट. मी एक्केचाळीस वर्षांची. माझा कॅन्सर लघवीच्या जागेशेजारी सुरू झाला होता आणि योनीत आत सरकला होता. 'योनी' हा शब्दही मी मोठ्यानं उच्चारलेला पहिल्यांदा तिथंच ऐकला, मुल्ला मॅडमच्या तोंडून. आमच्या घरी त्या सगळ्या मुलखाला 'खाली' एवढं एकच नाव होतं. गावात तर 'पिशवीचं ऑपरेशन' म्हणून सांगून टाकलेलं. पिशवी चालते. पिशवीबद्दल चारचौघांत बोलता येतं, लोक केळी घेऊन भेटायला येतात.

मॅडमनी मला सगळं सरळ सांगितलं होतं. कानिटकर सर रोगाचा सगळा भाग काढून टाकणार. त्यानंतर एक तर जखम शिवून टाकायची, म्हणजे ती जागा कायमची बंद. नाही तर दोन्ही मांड्यांचं कातडं खालच्या मांसासकट वळवून घ्यायचं आणि त्याची नवी योनी तयार करायची. त्यात ऑपरेशन बरंच लांबणार, मांड्यांवर वण राहणार, दुखणं वाढणार. "पहिल्यासारखं होईल असं मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या, "पण नवऱ्याबरोबरचे संबंध ठेवता येतील. घाई नाही, विचार करून सांगा." मी विचार केलाच नाही, लगेच हो म्हणाले. जे हो म्हणून झालं होतं ते मला न विचारता कुणी तरी परस्पर नको करून आलं होतं.

थोड्या वेळानं धनपाल चहाचा थर्मास घेऊन आले. धनपाल माझे पती. तोंडावर मी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही, पण इथं 'हे' आणि 'ते' करत बसले तर वाचणाऱ्याची पंचाईत होईल.

"प्लास्टिकचं ऑपरेशन नको म्हणून कुणी सांगितलं?" मी कप हातात घ्यायच्या आधीच विचारलं.

त्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं, परत उलटं फिरवलं. "मी."

"तुम्ही?"

"तिघांना एका खोलीत बसवलं. आण्णा ह्या बाजूला, अक्का त्या बाजूला. आणि ते कोवळं डॉक्टर कागदात बघून विचारतंय, पेशंटला पुढं शरीरसंबंध ठेवायचेत काय म्हणून. आण्णा उठले आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघाय लागले. मी काय सांगणार? नको म्हणालो."

"दुसरं काही सांगता आलं नसतं?"

"काय? व्हय, ठेवायचेत, असं? आण्णांच्या देखत?"

हे आमच्या घराबाहेरच्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगते. आम्ही शिरोळकडचे जैन शेतकरी. आण्णा म्हणजे माझे थोरले दीर, धनपालांपेक्षा बारा वर्षांनी मोठे. सासरे लवकर गेले, तेव्हापासून आण्णांनीच धाकट्या भावाला वाढवलेलं. आमच्यात थोरल्या भावासमोर धाकटा आपल्या बायकोकडं पाणी मागत नाही. माझी पोरं तान्ही असताना आण्णा घरात असले तर धनपालांनी त्यांना उचलून घेतलं नाही. पोरगं रडून लाल झालं तरी हे आपले खांबाला टेकून बसलेले. आणि मी तर आण्णांशी वीस वर्षांत एक शब्द थेट बोललेले नव्हते. त्यांना काही सांगायचं तर ते अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या जावेला सांगायचं. त्यांचंही तसंच. मी गावातल्या बायकांना स्कूटी चालवायला शिकवायला लागले तेव्हा घरात मोठं वादळ होईल असं मला वाटलं होतं. आण्णा फक्त अक्कांना म्हणाले, "तिला म्हणावं, वळणावर हॉर्न दे." मी शेजारीच भाकरी थापत होते. आण्णा वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण त्या दिवशी मला ते सोडून दुसरा शत्रू दिसत नव्हता.

"बरं, आण्णांसमोर नको म्हणालात," मी धनपालांना म्हटलं. "मनात काय होतं?"

"मनातलं कोण विचारत होतं?"

"मी विचारतेय."

त्यांनी थर्मास स्टुलावर ठेवला. मग हळूच म्हणाले, "तू दवाखान्यात आल्यापास्नं मला झोप न्हाई. हे काय त्या पोराला सांगू?"

माझा राग तेवढ्यापुरता विरघळला. तेवढ्यापुरताच. "मग आता एकटे जा आणि सांगा की विचार बदललाय."

"कागदावर आण्णांनी सही केलीय. डॉक्टर परत त्यांनाच विचारणार. मी मागनं येऊन असं म्हणालो हे त्यांना कळणार." ते उठले. "तुझा जीव वाचू दे. बाकीचं नशीब."

नशिबानं काही केलं नव्हतं. ह्यांनी केलं होतं, आणि दोष नशिबाला लावून थर्मास घेऊन निघाले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी अक्का डबा घेऊन आल्या. मी म्हटलं, बाईमाणूस आहे, समजेल. अक्कांनी माझं सगळं ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता कशाला गं राजमती? दोन लेकरं मोठी झाली. आणि चांगल्या मांड्या चिरायच्या कशापायी? मी तर पस्तिसाव्या वर्षापास्नं वेगळं अंथरूण घालतो. काय अडलं?"

आमच्याकडं बायका अशाच बोलतात, 'मी घालतो, मी करतो'. अक्कांच्या तोंडी ते फार ठाम वाटायचं.

"तुमचं नसेल अडलं," मी म्हणाले. "तुम्ही आण्णांना सांगा, राजमतीला ते ऑपरेशन पाहिजे म्हणून."

"मी?" अक्कांचा हात डब्याच्या झाकणावरच राहिला. "ह्यांना? हे असलं? अगं, माझं लग्न होऊन बत्तीस वर्षं झाली, असला विषय मी त्यांच्यापुढं काढला न्हाई. माझा स्वतःचासुद्धा."

म्हणजे इथंही घोडं अडलं. खरं सांगायचं तर अक्कांचं बोलणं अगदीच वेडं नव्हतं. रोग मोठा होता, भूल लांबली तर धोका होता. पण मला त्यांच्या शहाणपणाचा वैताग आला. प्रत्येक जण मला जीव वाचव म्हणत होता, आणि वाचवलेला जीव घेऊन मी पुढची तीस वर्षं काय करायचं ते माझं मी बघायचं.

अक्का गेल्यावर मी ते कोवळं डॉक्टर गाठलं. बिचारा बरा मुलगा होता, नाव मगदूम, आमच्याच भागातला. ते आणखी वाईट. आपल्या भागातल्या पोराला काय सांगायचं? मी सभ्य कारण शोधून ठेवलं होतं.

"मला ते प्लास्टिकचं करून पाहिजे," मी म्हटलं. "मी बायकांना गाडी शिकवते. मला गाडीवर बसता आलं पाहिजे."

"मावशी, गाडीवर काय, टाके नीट भरले की सहा महिन्यांत बसाल. त्यासाठी ते लागत नाही." तो फाईल चाळायला लागला. "तुमच्या घरच्यांनी विचार करूनच नको म्हटलंय."

"घरच्यांना काय विचारता? मांड्या माझ्या आहेत."

"तसं नाही. पण मॅडमचा वेळ आता दुसऱ्या पेशंटला द्यायचं चाललंय. काही असेल तर संध्याकाळच्या राउंडला सरांशी बोला. त्यानंतर बदलता येणार नाही." जाता जाता तो थांबला. "मावशी, दुसरं काही कारण आहे का?"

त्या पोराला माझ्या मुलासारख्याच मिशा फुटत होत्या. "काही नाही," मी म्हणाले. तो गेला, आणि मी स्वतःच्या तोंडाला शिव्या देत बसले. सकाळपासून मी धनपालांना भित्रे म्हणत होते आणि माझी मजल गाडीच्या सीटपर्यंत गेली होती.

संध्याकाळी राउंड आला. पुढं कानिटकर सर, मागं मगदूम, त्यांच्यामागं पाच-सहा शिकाऊ मुलंमुली. माझी माणसं खाटेच्या पायथ्याशी उभी होती: मध्ये टोपी घातलेले आण्णा, एका बाजूला अक्का, मागं धनपाल. मी सवयीनं पदर डोक्यावर घेतला होता. हॉस्पिटलच्या गाऊनवर टॉवेल होता, तोच पदर.

सरांनी फाईल बघितली आणि थेट आण्णांकडं वळून विचारलं, "सकाळी सगळं बोलणं झालंय ना? आपण फक्त रोग काढतोय, पुढचं पुनर्रचनेचं करत नाही. बरोबर?"

"बरोबर," आण्णा म्हणाले. "तिच्या जीवाला बरं पडंल ते करा."

सरांनी फाईल मिटली आणि पाऊल पुढच्या खाटेकडं टाकलं. मी धनपालांकडं बघितलं. ते आण्णांच्या पाठीकडं बघत होते. मी अक्कांकडं बघितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली, अगदी बारीक.

"डॉक्टर," मी म्हणाले, "माझ्याकडं बघून विचारा."

सर थांबले. "बोला ना."

"मला ते ऑपरेशन पाहिजे. मुल्ला मॅडमचं."

"तुमच्या घरच्यांनी सांगितलंय की—"

"त्यांनी खोटं सांगितलं." माझा आवाज वॉर्डभर गेला असावा, कारण समोरच्या खाटेवरची बाई उठून बसली. "मालकांना विचारताना त्यांचे थोरले भाऊ शेजारी होते. थोरल्या भावासमोर आमच्यात असं बोलत नाहीत. म्हणून ते नको म्हणाले."

सर जरा गोंधळले. "हे बघा, आपण हवं तर बाजूच्या खोलीत बसून—"

"नको. खोलीत बसूनच घोटाळा झालाय. मला माझ्या नवऱ्याजवळ निजायचंय. बरी होऊन घरी गेल्यावरसुद्धा निजायचंय. त्यांनाही तेच पाहिजे. लग्नाला वीस वर्षं झाली, आमचं चांगलं चाललंय. ते मला बंद करायचं नाही."

शिकाऊ मुलींपैकी एकीनं खाली बघितलं. मगदूम फाईलीत कायकाय लिहायला लागला, लिहिण्यासारखं काही नव्हतं तरी. अक्कांनी तोंडाला पदर लावला होता. आण्णांनी टोपी काढली, परत घातली आणि पाठ वळवून वॉर्डाबाहेर चालते झाले. चपलांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला.

सरांनी धनपालांना विचारलं, "काय हो? तुमचं काय म्हणणं?"

धनपालांचा चेहरा रडायच्या बेताला आलेला होता. त्यांनी आण्णा गेले त्या दाराकडं बघितलं. मला वाटलं, आता हे पण जाणार. गेले असते तर मी त्यांना जन्मभर माफ केलं नसतं.

"ती म्हणते तसं," ते म्हणाले. आवाज एवढा बारीक की सरांना परत विचारावं लागलं. मग मोठ्यानं म्हणाले, "मलाबी तसंच पाहिजे."

तासाभरात मुल्ला मॅडम पेन घेऊन आल्या. पुसलेली रेघ परत काढताना म्हणाल्या, "मी सकाळी स्वतः यायला हवं होतं. चुकलंच." मी म्हटलं, आता नीट काढा म्हणजे झालं.

ऑपरेशन दिवसभर चाललं. पुढचे आठवडे मी सांगत बसत नाही. पाय फाकवून उशांवर पडून राहायचं, नळ्या, टाके, ताप, उजव्या मांडीतला पू. कितीदा तरी वाटलं, अक्का म्हणत होत्या तेच बरोबर होतं. नव्या जागेला स्पर्श झाला की मांडीला हात लागल्यासारखं वाटायचं. मेंदूला तिचा बदललेला पत्ता कळलेला नव्हता. जागा आकसू नये म्हणून मॅडमनी एक गुळगुळीत नळी दिली होती, ती रोज वापरायची. घरात मी ती औषध लावायची म्हणून सांगितली. तीन महिन्यांनी मॅडमनी तपासलं, समाधानानं मान हलवली आणि म्हणाल्या, "आता काही हरकत नाही."

हरकत घरी होती. धनपालांनी आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत, सोप्यात घातलं होतं, आण्णांच्या खाटेशेजारी. आधी मला वाटलं, माझं दुखणं म्हणून. मॅडमनी परवानगी दिल्यावरही ते तिथंच.

"आता काय झालं?" मी गोठ्यात जाऊन विचारलं. घरात विचारायची सोय नव्हती.

"सगळ्यांना ठाऊक झालंय," ते म्हणाले. "मी खोलीत गेलो की घरातलं प्रत्येक माणूस—"

"आधी ठाऊक नव्हतं? दोन पोरं काय बाजारातनं आणली?"

"आधी ठाऊक होतं. पण कोण बोललं नव्हतं."

आण्णाही माझ्यापासून तोंड चुकवत होते. स्वयंपाकघरात येणं त्यांनी बंद केलं होतं, ताट सोप्यात जायचं. मी अंगणात दिसले की ते शेताकडं वळायचे. रागावले असते तर मला चाललं असतं, भांडता आलं असतं. ते लाजत होते. साठीला आलेला माणूस माझ्यामुळं स्वतःच्या घरात चोरासारखा वावरत होता, आणि त्यांचा भाऊ त्यांच्याशेजारी पहारेकऱ्यासारखा झोपत होता. मी मांड्या चिरून घेतल्या, भरल्या वॉर्डात अब्रू टांगली आणि एवढं करून रोज एकटी ती नळी घेऊन खोलीत बसत होते. त्या दिवसांत मी घरात कुणाशीच धड बोलत नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत एका रात्री जेवताना अक्कांनी निरोप आणला, उद्या सगळ्यांनी श्रवणबेळगोळला दर्शनाला जायचं, आण्णांनी जीप सांगितलीय. सासूबाई, अक्का, त्यांची सून, माझी दोन्ही पोरं, सगळे तयारीला लागले. मला प्रवास झेपणार नव्हता, मी राहणार हे उघडच होतं. धनपालांनीही आपली पिशवी भरली. मला त्याचं नवल वाटलं नाही, एवढा माझा त्यांच्यावरचा भरवसा उडाला होता.

सकाळी जीप भरली. धनपाल मागं चढायला लागले तेव्हा आण्णांनी त्यांची पिशवी उचलून कट्ट्यावर ठेवली.

"तू कुठं?"

"दर्शनाला," धनपाल म्हणाले.

"म्हशी कोण बघणार?"

"सोमा हाय की."

"सोमाला मी सुट्टी दिलीय," आण्णा म्हणाले. "गडीमाणसालाबी सण असतो."

सोमानं आयुष्यात दिवाळीची सुट्टी घेतलेली आमच्यापैकी कुणालाच आठवत नव्हती. अक्का जीपमध्ये बसून पदराआड खोकल्या. मी दारात उभी होते. आण्णा माझ्यासमोरून जाताना थांबले. मी पदर ओढला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, चौकटीकडं बघितलं, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"चार दिवस लागतील. निघताना फोन करतो."

आण्णांनी आजवर कुठूनही घरी यायच्या आधी फोन केलेला नव्हता. मी काही तरी म्हणायला पाहिजे होतं. नुसती मान हलवली. जीप वळणावर हॉर्न देऊन गेली.

धनपाल गोठ्यात शिरले ते बाहेर येईनात. म्हशींना एकदा वैरण घातली, तीच उचलून परत घातली. शेवटी मी गोठ्याच्या दाराशी गेले.

"चला," मी म्हणाले.

"आत्ता? दिवसाढवळ्या?"

"घरात कोण आहे?"

त्यांनी हात धुतले, पायही धुतले, बराच वेळ लावून. मग माझ्यामागून खोलीत आले. मी भ्यालेले होते. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीही एवढी भ्याले नव्हते. एवढे महिने ज्याच्यासाठी चिडचिड केली ते समोर आलं तेव्हा मी दाराची कडी दोनदा लावून बघितली. मी डोळे मिटून घेतले.

ते मध्येच थांबले.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"दुखतंय," मी म्हणाले. "थांबू नका."